सेल बदलला, पण खोली तपासली का?

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या समुद्रातले डायव्हिंग बंद असते. जूनमध्ये सामान धुऊन कपाटात जाते आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर निघते. जॅकेट, रेग्युलेटर, मास्क यांत काही बिघडले असेल तर ते डोळ्यांना दिसते किंवा कानांना ऐकू येते. रबर तडकलेले असते, कुठून तरी हवा सुटत असते. डायव्ह कॉम्प्युटरचे तसे नाही. चार महिने पडून राहिल्यावर तो चालू होत नाही, मालक घड्याळवाल्याकडून सेल बदलून आणतो, स्क्रीनवर आकडे उमटतात आणि दुरुस्ती झाली असे धरून चालतो. माझा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे. सेल बदलल्याने यंत्राला वीज मिळाली एवढेच कळले. ते खोली बरोबर मोजते का, हे कुणी पाहिलेलेच नसते, आणि पाण्याखाली जीव अवलंबून असतो तो त्यावरच.

डायव्ह कॉम्प्युटर मोजतो थोडे आणि हिशेब करतो फार. त्याला बाहेरून कळतो तो पाण्याचा दाब, तापमान आणि वेळ. समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. ३० मीटरवर डायव्हर ४ बार दाबाची हवा श्वासात घेत असतो आणि त्या हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. वर येताना तो सावकाश सुटला तर फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई झाली तर त्याचे शरीरातच बुडबुडे होतात, आणि मग सांधेदुखीपासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. डायव्हर याला ‘बेंड्स’ म्हणतात. या हिशेबाचा पाया जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये घातला. शेळ्यांवर प्रयोग करून त्याने शरीराचे पाच कप्पे कल्पिले. सर्वांत जलद कप्पा पाच मिनिटांत अर्धा भरणारा, सर्वांत संथ कप्प्याला सवा तास लागणारा. पुढे झुरिचच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी ते सोळापर्यंत नेले. १९८३ मध्ये ऑर्का एज हे यंत्र बाजारात आले तेव्हापासून हा हिशेब पाण्याखाली त्या त्या क्षणी करून मिळू लागला.

कप्पे पाच असोत की सोळा, हिशेबात जाणारा खोलीचा आकडा मात्र एका इवल्याशा सेन्सरकडून येतो. तो चुकला तर पुढचा सगळा हिशेब अतिशय काटेकोरपणे चुकतो. डायव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी संस्थेच्या तक्त्यात २५ मीटरवर, वाटेत थांबे न घेता वर येता येईल अशी मर्यादा २९ मिनिटांची आहे. ३० मीटरवर ती २० मिनिटांची. म्हणजे ३० मीटरवर असलेल्या डायव्हरला यंत्राने २५ दाखवले, तर त्याच्या हातात नसलेली नऊ मिनिटे ते त्याला देऊन टाकते. स्क्रीनवर कोणताही इशारा येत नाही, भोंगा वाजत नाही. चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा दिसायला अगदी सारखे असतात. बंद पडलेला कॉम्प्युटर यापेक्षा सुरक्षित, कारण तो बंद आहे हे डायव्हरला माहीत असते आणि तो पाण्यात उतरत नाही.

जुन्या यंत्रांपैकी सुंटो कंपनीचे व्हायपर हे मॉडेल अनेकांच्या ओळखीचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेले, दणकट, आणि मालकाला स्वतः सेल बदलता येईल असे. मागची कडी दाबून फिरवली की झाकण निघते, आत सीआर २४५० हा नाण्यासारखा सेल. सेल काढण्याआधी झाकणाभोवतीच्या खोबणीकडे आणि तिच्यातल्या ओ-रिंगकडे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याकडे, नीट पाहावे. चांगल्या स्थितीतली ओ-रिंग आडव्या छेदात गोल असते. वर्षानुवर्षे दाबून बसलेली रिंग एका बाजूने चपटी होते, बोटांत धरून ताणली तर सावकाश मागे येते, कधी बारीक भेगा दिसतात. अशी रिंग पुन्हा बसवायची नसते. ग्रीस लावून ती नवी होत नाही. खोबणीत मिठाचा एक दाणा, कापसाचा धागा किंवा डोक्याचा केस राहिला तरी ३० मीटरवरचे पाणी तेवढ्या फटीतून आत येते. खोबण साफ करायला सुई किंवा टाचणी वापरली की धातूचा ओरखडा पडतो, आणि तो ओरखडाच पुढे पाण्याची वाट होतो. त्यासाठी प्लास्टिकची किंवा लाकडी काडी घ्यावी. ग्रीस सिलिकोनचे, तेही रिंग चकाकेल इतकेच. घरातले पेट्रोलियम जेली किंवा दुकानातले कुठलेही वंगण चालेल हा समज महागात पडतो, कारण काही प्रकारचे रबर खनिज तेलाने फुगते.

सेलच्या टोकावर हिरवी-पांढरी पूड दिसली तर तिथे थांबावे. हिरवा रंग तांब्याच्या क्षारांचा असतो, म्हणजे खारे पाणी आत पोहोचले होते. खारे पाणी आणि ३ व्होल्टचा सेल एकत्र आले की सर्किटवरच्या तांब्याच्या रेषा काही तासांत खाल्ल्या जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून, वाळवून यंत्र चालू होईलही. माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्या मुख्य सर्किटपर्यंत पाणी गेले तो कॉम्प्युटर पुन्हा मनगटावर बांधू नये. वरून साफ केलेल्या रेषेखाली गंज किती पसरला आहे हे बाहेरून कळत नाही, आणि तो पुढच्या डाइव्हची वाट पाहत थांबत नाही.

घड्याळवाल्याबद्दल दोन शब्द. गावोगावचे घड्याळजी हाताचे अतिशय कुशल असतात, सेल आणि रिंग ते नीट बसवतील. काहींकडे पाणी शिरते का हे तपासण्याचे यंत्रही असते. पण ते यंत्र सांगते ते झाकण गळते की नाही एवढेच. मनगटी घड्याळाला तेवढे पुरते, कारण घड्याळाला पाण्याच्या दाबाशी आणखी काही देणेघेणे नसते. डायव्ह कॉम्प्युटरमध्ये गळती आणि मोजमाप हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पूर्ण कोरडा राहिलेला कॉम्प्युटरही खोली चुकीची सांगू शकतो.

सेन्सर बिघडतो कसा, हे पाहिले की याचे कारण कळते. दाब मोजणारा सिलिकॉनचा पातळ पडदा असतो, दाबाने तो किंचित वाकतो आणि त्याचा विद्युत्-रोध बदलतो. हा पडदा थेट खाऱ्या पाण्याला लागू देत नाहीत. मध्ये जेल, तेल किंवा लवचीक पापुद्रा असतो. उवाटेक कंपनीच्या जुन्या अलादिन मॉडेलांत तर आतली जागाच तेलाने भरलेली असे आणि सेल बदलायला यंत्र कंपनीकडे पाठवावे लागे. वर्षे गेली की जेल घट्ट होते, त्यात बुडबुडा धरतो, किंवा पाणी ज्या छिद्रांतून सेन्सरपर्यंत पोहोचते तिथे मीठ साचते. छिद्र अर्धवट बुजले की दाबाची बातमी उशिरा पोहोचते. डायव्हर भराभर वर येत असतो आणि यंत्राला तो अजून खालीच वाटतो. वर येण्याच्या वेगाचा इशारा वाजायला हवा तेव्हा वाजत नाही.

हे मीठ काढण्याची पद्धत साधी आहे आणि तिथेही घाई नडते. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात, शक्यतो कोमट, अर्धा तास बुडवून ठेवावे. नळाखाली धरून खळखळून धुतल्याने छिद्रांतले मीठ विरघळत नाही. छिद्रात टाचणी घालणे, टँकच्या हवेचा झोत मारणे, सर्व्हिसिंगच्या दुकानातल्या प्रेशर पंपाने धुणे, यातले काहीही केले तरी मागचा नाजूक पडदा जातो. पाणी लागताच यंत्र चालू करणाऱ्या धातूच्या टोकांवर पांढरा थर असेल तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने हलकेच पुसावा. सेन्सरच्या वाटेला ते नेऊ नये. ही टोके अस्वच्छ किंवा ओलसर राहिली की यंत्र आपण पाण्यात आहोत असे समजून जागे राहते आणि कपाटात पडल्या पडल्या सेल संपवते. कोकणातल्या दमट हवेत हे फार होते. काहींच्या हातावर डासांचे मलम असते. त्यातले डीट हे रसायन प्लास्टिक खाते, म्हणून ते लावलेल्या हाताने यंत्राला शिवू नये.

आता तपासणी. आजारी सेन्सर बहुधा आधी किनाऱ्यावरच खुणा देतो, पण त्या ओळखाव्या लागतात. कोरड्या टेबलावर ठेवलेला कॉम्प्युटर एक-सव्वा मीटर खोली दाखवतो. पाण्यातून बाहेर येऊनही डाइव्हची वेळ पुढे चालूच राहते. नोंदींमध्ये कुणी केलीच नाही अशी डाइव्ह सापडते. समुद्रकाठी असताना यंत्र स्वतःला डोंगरावर समजते. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी नवा सेल घालून पाहण्यात अर्थ नसतो.

खूण दिसली नाही म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही. तराजूची पारडी रिकामी असताना काटा मधोमध असतो, म्हणून तो किलोला किलोच दाखवेल असे थोडेच आहे? सेन्सरची चूक दोन प्रकारची असते. एक सगळीकडे सारखी, म्हणजे पृष्ठभागावर अर्धा मीटर जास्त आणि खालीही अर्धा मीटर जास्त. दुसरी खोलीबरोबर वाढत जाणारी. पोहण्याच्या तलावात तीन मीटरवर नेऊन आकडा जुळला असे जे सांगितले जाते, त्याने पहिली चूक कळते, दुसरी कळत नाही. तीन मीटरवर दहा टक्क्यांची चूक ३० सेंटिमीटरची, ती कुणाच्या लक्षातही येणार नाही. ३० मीटरवर तीच तीन मीटरची होते.

यासाठी खोलीच्या दोरीसारखे दुसरे साधन नाही. न ताणणारी दोरी, वजन बांधलेली, पृष्ठभागापासून मोजून दर पाच मीटरला खूण केलेली. शांत दिवशी नव्या, तपासलेल्या कॉम्प्युटरबरोबर जुना कॉम्प्युटर एकाच हातात धरून प्रत्येक खुणेशी थांबावे आणि दोन्ही आकडे पाटीवर लिहावेत; खाली जाताना एकदा आणि वर येताना पुन्हा, कारण अडकणारा सेन्सर दोन्ही वेळा वेगळे सांगतो. ही तपासणीची डाइव्ह नव्या कॉम्प्युटरच्या भरवशावरच करायची. गोड्या पाण्याच्या खाणीत किंवा धरणात तपासत असाल तर समुद्रासाठी जुळवलेला कॉम्प्युटर दोन-तीन टक्के कमी खोली दाखवणार. तो दोष नव्हे, गोडे पाणी हलके असते. व्हायपरच्या माहितीपुस्तिकेत खोलीच्या अचूकतेचा दावा ८० मीटरच्या पूर्ण पट्टीच्या एक टक्क्याचा आहे, म्हणजे ८० सेंटिमीटर. दोरीवर फरक याहून जास्त निघाला आणि प्रत्येक खुणेशी वाढत गेला, तर निकाल लागला.

घरी पाण्याने भरलेल्या पारदर्शक भांड्यात हातपंपाने दाब देऊन तपासणारे हौशी लोक आहेत. कल्पना चांगली आहे, दोन गोष्टी सांभाळल्या तर. भांडे काठोकाठ पाण्याने भरलेले हवे. त्यात हवा कोंडली आणि भांडे फुटले तर तुकडे गोळीसारखे उडतात. आणि ज्या दाबमापकाशी तुलना करायची तो किती खरा? बाजारात सहज मिळणारा १० बारचा, १.६ वर्गाचा दाबमापक पट्टीच्या १.६ टक्के इकडेतिकडे असू शकतो. हे झाले ०.१६ बार, समुद्रात १.६ मीटर. म्हणजे तपासणारे साधनच यंत्राच्या दाव्याच्या दुप्पट चुकू शकते. व्हायपरच्या माहितीपुस्तिकेत सुंटोने दर २ वर्षांनी किंवा २०० डाइव्हनंतर, जे आधी होईल तेव्हा, अधिकृत ठिकाणी तपासणी सुचवली आहे.

मोजमापाइतकीच एक दुसरी गोष्ट सेलबरोबर हरवते, ती म्हणजे स्मरण. बऱ्याच जुन्या मॉडेलांत सेल काढला की अंगातल्या उरलेल्या नायट्रोजनचा हिशेब पुसला जातो. दुपारी दोन डाइव्हच्या मध्ये सेल बदलला तर यंत्राच्या लेखी डायव्हर आज पाण्यात गेलेलाच नाही. विरघळलेला नायट्रोजन मात्र शरीरातच असतो. आदल्या दिवशी तोच कॉम्प्युटर दुसऱ्याने वापरला असेल तरी हाच घोटाळा होतो. त्यामुळे सेल बदलायचा तो डाइव्हच्या दिवसांत नव्हे; बदलावाच लागला तर निदान पूर्ण एक दिवस कोरडे राहावे. अनेक दिवस डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्याआधी निदान १८ तास थांबावे असे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सुचवते; जुन्या यंत्राची स्मृती गेली असेल तर हे गणित आपणच लक्षात ठेवायला हवे. नव्या सेलनंतर मीटर की फूट, हवा की नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा), समुद्रसपाटी की उंची, स्वतःसाठी ठेवलेली जास्तीची सावधगिरी, या सगळ्या सेटिंग्ज पाहून घ्याव्यात. आणि सेल स्वस्तातला, कुठल्या तारखेचा ते माहीत नसलेला घेऊ नये. लिथियम सेल बराच काळ एकसारखा व्होल्टेज देतो आणि शेवटी एकदम खाली येतो. थंड पाण्यात दिवा किंवा भोंगा लागला की कमकुवत सेलवरचे यंत्र पाण्याखालीच बंद होऊन पुन्हा सुरू होते, तेही कोरी पाटी घेऊन.

यावर कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, नवे घ्या. मला ते उत्तर मान्य नाही. वीस वर्षांपूर्वीचा हिशेबाचा नमुना केवळ जुना झाला म्हणून टाकाऊ होत नाही. नायट्रोजन तेव्हाही असाच विरघळत होता. शिवाय नवेपणा ही हमी नव्हे. १९५९ मध्ये इटलीत निघालेल्या एसओएस मीटरमध्ये सच्छिद्र सिरॅमिकमधून वायू झिरपून काटा सरकत असे, आणि एकाच कंपनीची दोन मीटर एकमेकांशी जुळत नसत. उवाटेकचे अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स हे मॉडेल १९९५ मधले. त्यातली काही यंत्रे पृष्ठभागावर साधी हवा घेणारा डायव्हर अजूनही नायट्रॉक्सच श्वासात घेतो आहे असे धरून हिशेब करत, त्यामुळे नायट्रोजन खऱ्यापेक्षा लवकर निघून गेला असे दाखवत. ती परत मागवली गेली २००३ मध्ये. सुंटोच्या २००६ ते २०१८ मध्ये बनलेल्या अनेक मॉडेलांतल्या खोली-सेन्सरच्या दोषावरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि त्याची तडजोड तपासणी, दुरुस्ती किंवा बदली यंत्र देण्यावर झाली. जुने यंत्र हाती आल्यावर दुरुस्तीवर पैसा घालण्याआधी त्याचा क्रमांक अशा परत बोलावलेल्या यादीत आहे का, हे पाहणे हे पहिले काम.

खरी अडचण पुढे आहे. कंपन्या काही वर्षांनी सुटे भाग बंद करतात. सेन्सर दुसऱ्या मृत यंत्रातून काढून बसवता येतो, पण प्रत्येक सेन्सर कारखान्यात ठरावीक दाबाखाली तपासून त्याचे सुधारणांक मेमरीत भरलेले असतात. परक्या सेन्सरशी ते जुळत नाहीत. असा दुरुस्त केलेला कॉम्प्युटर चालतो, खोली दाखवतो आणि ती चुकीची असते. ज्याच्याकडे दाबकक्ष आणि भरवशाचा मापक नाही, त्याने सेन्सरला हात घालू नये. सेल, ओ-रिंग, पट्टा, स्वच्छता, ही मालकाची हद्द. ही हद्द कंपन्यांनी वाढवावी, जुन्या मॉडेलांचे भाग आणि तपासणीची माहिती खुली ठेवावी, ही मागणी डायव्हरांनी जोरात करायला हवी. ती मान्य होईपर्यंत सेन्सर गेलेले यंत्र दुरुस्त होण्यासारखे नाही, हे स्वीकारावे लागेल.

आपल्याकडे याची झळ सर्वांत आधी लागते ती पर्यटकाला नव्हे. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडपाशी हौसेने उतरणारा पर्यटक काही मिनिटे उथळ पाण्यात असतो. त्याला घेऊन उतरणारा स्थानिक तरुण मात्र दिवसभर वर-खाली करतो, हंगामभर. बेंड्सच्या दृष्टीने हे वारंवारचे वर-खाली उथळ पाण्यातही बरे नाही, आणि नेत्राणी बेटासारख्या ठिकाणी तोच माणूस खोल डाइव्हवरही जातो. अशा मुलांच्या मनगटावर बहुतेक वेळा कुणीतरी वापरून सोडलेला कॉम्प्युटर असतो, पगारातून घेतलेला. त्यांच्यापैकी कुणाला बेंड्स झाले तर उपचार म्हणजे दाबकक्षात ऑक्सिजन; अमेरिकन नौदलाच्या सहाव्या तक्त्याप्रमाणे सुरुवात १८ मीटरच्या दाबाने आणि एकूण वेळ पावणेपाच तास. नौदलाची अशी सोय मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात आहे. मालवणहून मुंबई रस्त्याने ५०० किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत घाट चढताना कमी झालेला दाब बुडबुडे मोठे करतो.

म्हणून डायव्ह सेंटर चालवणाऱ्यांकडून माझी अपेक्षा अगदी नेमकी आहे. कर्मचाऱ्यांचे असोत की भाड्याचे, सगळ्या कॉम्प्युटरची एक वही ठेवावी: क्रमांक, सेल कधी बदलला, रिंग कधी बदलली, दोरीवर कोणत्या खुणेशी किती आकडा आला. ऑक्टोबरमध्ये पहिल्या पर्यटकाआधी अर्धा दिवस ही दोरीची डाइव्ह करावी, आणि मुलांनी स्वतः विकत घेतलेली यंत्रेही त्यात धरावीत. नापास झालेले यंत्र ‘जोडीला असू दे’ म्हणून दुसऱ्या मनगटावर बांधू देऊ नये. दोन कॉम्प्युटर दोन खोल्या सांगू लागले की माणूस हळूहळू सावध आकड्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि ती सवय चांगले यंत्र आल्यावरही सुटत नाही.

नापास यंत्र विकूही नये. सेकंड हँड बाजारात ‘चालू स्थितीत, नवा सेल’ अशी जाहिरात देऊन ते स्वस्तात जाते, आणि घेणारा बहुधा ज्याला नवे परवडत नाही तोच असतो. विकत घेणाऱ्याने सेलबद्दल विचारू नये. शेवटची दाबतपासणी कधी झाली आणि तिचे आकडे काय आले ते विचारावे, आणि आकडे नसतील तर पैसे देण्याआधी स्वतः दोरीवर उतरून घ्यावेत. ज्याचा सेन्सर गेला आहे त्या कॉम्प्युटरमधला सेल काढून घ्यावा, सेल ठेवण्याच्या जागी एपॉक्सी भरून टाकावे, आणि मग तो ई-कचऱ्यात द्यावा.